सावलीचं घड्याळ

दिल्लीत तिसऱ्या दिवशी
डॉक्टरांनी एका आकड्याभोवती लाल वर्तुळ काढलं
आणि माझा कैलास तिथंच संपला.
एकशे साठ, खालचा शंभर.
वर्तुळ मात्र सुबक, कंपासनं काढल्यासारखं.
माझ्या वर्गात असते ते, तर शाबासकी दिली असती.

बूट तेवढे आले माझ्याबरोबर निझव्याला,
खोक्यात, पलंगाखाली, दहा महिने.
नववीला मी हिमालय शिकवत राहिले:
दोन भूखंडं, मधला समुद्र, घडीवर घडी.
पोरं विचारायची, मिस, तुम्ही पाहिलाय?
मी म्हणायची, नकाशाची वही काढा.

एप्रिलातल्या एका शुक्रवारी
गॅरेजवाल्या बशीरची फोर-व्हील मागून घेतली.
बिरकत अल-मोझच्या चौकीवर पोलिसानं
चाकं पाहिली, कागद पाहिले,
रक्तदाबाचं काही विचारलं नाही.
मग वळणं. पस्तीसपर्यंत मोजली,
पुढची डोंगराला सोडून दिली.
कानात दडे बसले.

हिरवा डोंगर म्हणतात ह्याला,
रंग भाजलेल्या वांग्याच्या सालीचा.
गाडी थांबवली तिथल्या खडकात
एक शिंपला होता, पंखा उघडल्यासारखा.
पंचवीस वर्षं तो धडा मी तोंडपाठ म्हटला आहे,
पण बोट टेकलं तेव्हा
'अगं बाई' एवढंच निघालं.

खाली उतरत्या वाफ्यांत गुलाब खुडून झाले होते.
मातीच्या भट्ट्या पेटलेल्या,
इथल्या गुलाबपाण्याला धुराचा वास येतो.
हॉटेलसाठी बाटल्या न्यायला आलेल्या माणसानं
आधी माझे बूट पाहिले, मग मला.
'हे डोल्मा-लाचे बूट,' तो हिंदीत म्हणाला,
'इथं कशाला घातलेत?'

छेवाङ. गाव हुमला.
म्हणजे ज्याच्या दारावरून कैलासाची वाट जाते, त्यातला.
बारा वर्षं यात्रेकरूंची ओझी वाहिली, हिल्साच्या पुलापर्यंत.
पुलापलीकडे कागद लागतात,
ते ओझ्याला होते, त्याला नव्हते.
आता साईकला पाहुण्यांच्या बॅगा वाहतो,
'चाकं असतात त्यांना, सोपं आहे.'

परतणारे कसे दिसायचे? मी विचारलं.
बराच वेळ त्यानं बाटल्या मोजल्या.
'बहुतेकांना सर्दी झालेली असायची.
एक म्हातारा मात्र आला होता,
त्यानं माझ्या पाठीवरचं स्वतःचं ओझं उतरवलं
आणि उरलेलं अर्धं अंतर स्वतः नेलं.
पैसे पूर्ण दिले.'
एवढं सांगून तो गेला, बाटल्या किणकिणत.

मी तशीच फलजच्या कडेला उभी राहिले.
हातभर रुंद पाणी, त्याला कसली घाई नाही.
खलफान नावाचे आजोबा डाळिंबांच्या मुळाशी बसलेले,
समोर जमिनीत रोवलेली एक काठी
आणि ओळीनं मांडलेले दगड.
काठीची सावली ज्या दगडावर जाईल
त्या घराची पाळी.
रात्री चांदण्यांवरून ठरतं, म्हणाले,
कोणती चांदणी कोणत्या सुळक्याआड गेली की कुणाचं पाणी.
आता मोबाइल आहेत, पण मोबाइलवर भांडणं होतात.

त्यांनी खजूर पुढे केला, कहवा ओतला.
मी उभ्यानंच घेतला, उन्हात,
समोरच्या कड्याकडे बघत,
त्याच्यात पांढरं टोक शोधत,
जे तिथं नव्हतं, असायचं कारणही नव्हतं.
छातीत धडधडत होतं. मोजलं नाही.

आजोबा दोनदा खाकरले.
मग संकोचानं, हातानं खुणावत,
पाहुण्या बाईला दुखवू नये अशा बेतानं म्हणाले,
जरा सरकता का,
तुमची सावली पडते आहे घड्याळावर.

मी सरकले.
काठीची सावली तिसऱ्या दगडाला लागलेली होती.
त्यांनी चिंध्यांचा बोळा काढून पलीकडे ठोकला,
आणि पाणी
शेजाऱ्याच्या वाफ्यात वळलं.